टॉवर नसलेल्या एअरपोर्टवर रेडिओवर किती भरवसा ठेवायचा? सोलोला घडलेला प्रसंग

सातारची_भरारी:

नमस्कार सगळ्यांना. मी मूळची साताऱ्याची, सध्या कॅलिफोर्नियात सेंट्रल व्हॅलीमध्ये फ्लाइंग शिकतेय, प्रायव्हेट लायसन्सच्या शेवटच्या टप्प्यात आहे, साधारण ६० तास झालेत. मागच्या आठवड्यात माझी लांबची सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे एकटीने दूर जाऊन यायची फ्लाइट होती, ती १५० नॉटिकल माइलवाली, आणि त्यात जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथं लिहितेय.

आमचं होम एअरपोर्ट टॉवरवालं आहे. म्हणजे टॅक्सी करायची, जमिनीवर विमान चालवायचं तरी विचारायचं, टेकऑफला क्लिअरन्स, लँडिंगला क्लिअरन्स, तू नंबर टू आहेस, पुढच्या सेस्नाच्या मागे ये, सगळं वरून कुणीतरी सांगतंय. त्यामुळे मला रेडिओची सवय आहे पण ती उत्तर द्यायची सवय आहे. टॉवर नसलेल्या ठिकाणी इन्स्ट्रक्टरबरोबर चार-पाच वेळा गेले होते, एकटी पहिल्यांदाच.

एअरपोर्टचं नाव लिहीत नाही. छोटं आहे, एकच रनवे, त्याच्या दोन टोकांचे नंबर ३० आणि १२, आजूबाजूला बदामाच्या बागा. फ्रिक्वेन्सी १२२.८. वारा जवळजवळ नव्हताच. मी १० माइलवर कॉल दिला, कुणी बोललं नाही. ५ माइलवर दिला, कुणी नाही. मग अचानक एक आवाज आला, पहिला अर्धा भाग चिरकला आणि पुढचं फक्त "लेफ्ट डाउनविंड, रनवे थ्री झिरो" एवढं ऐकू आलं. मी पण लेफ्ट डाउनविंडलाच निघाले होते! (डाउनविंड म्हणजे उतरण्याआधी रनवेला समांतर उलट दिशेने जायचा टप्पा, मग आडवा बेस आणि शेवटी सरळ रनवेकडे फायनल.) दोन मिनिटं नुसती मान फिरवत होते, वर, खाली, पुढे, मागे, तो कुठे दिसेना. विचारलं पण, नीट विचारता आलं नाही, शब्दच फुटेनात, आणि उत्तर आलं नाही. शेवटी वाटलं गेला असेल उतरून, आणि मी बेसला वळले.

बेसवर उजवीकडे फायनलच्या रेषेवर बघायचं हे इन्स्ट्रक्टरने इतक्या वेळा सांगितलंय की मान आपोआप वळते. बघितलं, आकाशात काही नाही. मग खाली बदामाच्या झाडांवरून एक सावली पळताना दिसली आणि सावलीच्या पुढे थोडं वर एक पिवळं विमान, फवारणीवालं, झाडांच्या शेंड्यांपासून फार वर नव्हतंच, सरळ ३० वर लँडिंगला येत होतं. मी अजून फायनलचा टर्न घेतला नव्हता. पॉवर दिली, खाली उतरणं थांबवलं, वर चढले, तो खालून निघून गेला. त्याने एक शब्द रेडिओवर बोलला नाही. परत फिरून मी उतरले तेव्हा पाय थरथरत होते.

खाली तो वयस्कर माणूस भेटला, बोलायला चांगला होता, म्हणाला रेडिओ दोन दिवसांपासून बंद आहे, आणि तू दिसलीसच नाहीस मला. आणि ते "लेफ्ट डाउनविंड" म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्याच गावच्या एअरपोर्टवरचं होतं, त्यांची पण फ्रिक्वेन्सी १२२.८ आणि त्यांचा पण रनवे ३०. म्हणजे ज्याचा आवाज होता ते विमान तिथं नव्हतंच आणि जे विमान तिथं होतं त्याला आवाजच नव्हता.

माझा प्रश्न असा की हे कायदेशीर आहे का, रेडिओशिवाय उडणं? आणि असेल तर मग मी जे कॉल देते त्याचा उपयोग किती? शिवाय एक गोष्ट मनात आहे ती पण लिहिते, मला त्या आवाजाला धड विचारता आलं नाही कारण माझ्या उच्चारांची लाज वाटते, सगळे ऐकत असतात. टॉवरशी बोलताना एवढं होत नाही. कुणी अनुभवी असेल तर सांगा.

चिपळूण_ते_टेक्सस:

सगळ्यात आधी, तू गो-अराउंड केलंस, म्हणजे उतरणं सोडून परत वर गेलीस, आणि वेळेत केलंस. बेसवर मान उजवीकडे वळली म्हणून तू हा प्रश्न विचारायला इथं आहेस, ती सवय लावणाऱ्या इन्स्ट्रक्टरला माझा नमस्कार सांग.

मी टेक्ससमध्ये ९ वर्षं शिकवतोय. कायद्याचं विचारलंस तर हो, अमेरिकेत टॉवर नसलेल्या बहुतेक एअरपोर्टवर रेडिओ सक्तीचा नाही. जे-३ कबसारखी जुनी विमानं अजून उडतात, त्यांच्यात मुळात इलेक्ट्रिकल सिस्टिमच नसते, प्रॉपेलर हाताने फिरवून चालू करतात. आणि हा काही कोपऱ्यातला अपवाद नाहीये बरं का, देशात सगळ्यांना खुले असे साधारण ५ हजार एअरपोर्ट आहेत आणि टॉवर जेमतेम ५०० च्या आसपास. म्हणजे दहापैकी नऊ ठिकाणी तू जाशील तिथं वरून सांगणारं कुणी नाही. तुझ्यासारखी टॉवरवाल्या एअरपोर्टवर शिकलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला महिना मी त्यांची एकच सवय मोडतो, परवानगीची वाट बघायची. त्या फ्रिक्वेन्सीवर परवानगी देणारं कुणी नसतं, तू पण देत नाहीस आणि समोरचा पण नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाटात आयुष्य गेलं त्यांचं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसून जायचो. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचे, मग कान देऊन ऐकायचे, आणि समोरून हॉर्न आला नाही तरी गाडी आपल्या बाजूलाच आणि स्पीड कमीच. मी एकदा विचारलं, कुणी नाहीये तर मग जोरात का नाही घेत? तर म्हणाले बैलगाडीला हॉर्न नसतो. तुझं ते पिवळं विमान म्हणजे बैलगाडी आहे. मी आजही प्रत्येक स्टुडंटला हे सांगतो, इंग्लिशमध्ये सांगितलं तरी कळतं त्यांना.

पण म्हणून हॉर्न द्यायचाच नाही असं नाही. कॉल दे, भरपूर दे, १० माइलपासून दे. फक्त उत्तर आलं नाही याचा अर्थ "कुणी नाही" असा लावू नकोस, "उत्तर आलं नाही" एवढाच लाव. आणि उलटंही आहे, दोघांनी बोलूनही अपघात होतात. तू कॅलिफोर्नियातच आहेस तर वॉटसनव्हिलचं माहिती असेल, १८ ऑगस्ट २०२२. एक सेस्ना १५२ पॅटर्नमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, टच अँड गो करत होतं, टेकून लगेच परत उडत होतं, एकटाच पायलट. दुसरं ट्विन इंजिन सेस्ना ३४०, दोघंजण, १० माइलपासून सरळ रनवे २० वर येत होतं. दोघांकडे रेडिओ होता, दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर होते, दोघं एकमेकांचं ऐकत होते. १५२ वाल्याने बेसला आल्याचं सांगितलं, ३४० वाला म्हणत होता शोधतोय तुला. पण त्याचा स्पीड बघ, शेवटच्या माइललाही साधारण १८० नॉट. १८० नॉट म्हणजे मिनिटाला ३ माइल. १५२ त्याच्या निम्म्यानेही येत नसणार. म्हणजे ३४० ने "३ माइल फायनल" म्हटलं तेव्हा १५२ वाल्याच्या सवयीने त्याच्याकडे दोन-तीन मिनिटं होती आणि खरं तर एकच होतं. शेवटी १५२ वाला बोलला की तू फार वेगाने येतोयस, मी गो-अराउंड करतोय. त्यानंतर काही सेकंदांत धडक, तिघं गेले. एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, कारण दिलं ते ३४० च्या पायलटने सरळ उतरायला येताना न बघणं आणि न टाळणं.

म्हणून मी स्टुडंटला सांगतो की समोरचा "३ माइल" म्हणाला तर लगेच मनात विचारायचं, विमान कुठलं आहे? जेट किंवा ट्विन असेल तर त्याचे ३ माइल आणि तुझे ३ माइल एक नाहीत. बसत नसेल हिशोब तर डाउनविंड लांबव, त्याला जाऊ दे, दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

रेडिओवाला_पुणे:

मी पायलट नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, हॅम रेडिओचं लायसन्स आहे, पण तुझ्या पोस्टमधल्या दोन गोष्टी शुद्ध रेडिओच्या आहेत म्हणून लिहितो.

पहिली, दुसऱ्या गावचा आवाज कसा आला. व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जातं, त्यामुळे किती लांबून ऐकू येईल हे उंचीवर ठरतं. अंदाजासाठी साधा हिशोब आहे, उंची फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.२३ ने गुणायचं, येतात ते नॉटिकल माइल. ३ हजार फुटांवर झाले साधारण ६७ माइल. समोरचा हजार फुटांवर असेल तर त्याचे ३९ मिळवा. म्हणजे मध्ये डोंगर नसेल तर शंभर माइल पलीकडच्या गावातलं डाउनविंड तुला अगदी शेजारी असल्यासारखं ऐकू येतं, आणि तुमची ती व्हॅली तर पाटासारखी सपाट आहे म्हणे. त्यात १२२.८ ही तिकडची अगदी कॉमन फ्रिक्वेन्सी, कित्येक एअरपोर्टना तीच दिलेली असते. म्हणूनच कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे गावाचं नाव घ्यायची पद्धत आहे, सुरुवात चिरकली तरी शेवट हाताशी राहतो. त्या माणसाने शेवटी नाव घेतलं नाही, नाहीतर तुझी ती दोन मिनिटं वाचली असती.

आणि हेच उलट करून बघ. जमिनीवर उभ्या विमानाचा अँटेना जमिनीपासून सात-आठ फुटांवर, म्हणजे त्याची पोच तीन-साडेतीन माइल, आणि तीसुद्धा मध्ये हँगर किंवा रनवेचा उंचवटा नसेल तर. आकाशातला सगळ्या जिल्ह्याचं ऐकतो आणि रनवेच्या त्या टोकाला उभ्या असलेल्याचं या टोकाला नीट ऐकू येईलच असं नाही.

दुसरी गोष्ट ते चिरकणं. विमानाचा रेडिओ अजूनही एएमवर चालतो, एफएमवर नाही, आणि लोकांना वाटतं जुनाट आहे म्हणून. पण त्यात एक मोठा फायदा आहे. एफएमवर दोघं एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरदार तोच ऐकू येतो आणि दुसरा बोलला होता हे कळतसुद्धा नाही. एएमवर दोघांची सरमिसळ होऊन शिट्टीसारखा चिरका आवाज येतो, शब्द कळत नाहीत पण दोघं बोलले एवढं कळतं. तेव्हा ते चिरकणं म्हणजे बिघाड समजू नकोस, ती बातमी आहे की अजून कुणीतरी आहे ज्याचं तू ऐकलं नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर तिथंच थांबून विचारलं असतं, दोघं एकदम बोललात, परत सांगा. बोलणाऱ्या दोघांना मात्र हे कळत नाही कारण बोलताना आपलं रिसीव्हर बंद असतं, ऐकणाऱ्या तिसऱ्यालाच कळतं, म्हणून सांगायची जबाबदारी तिसऱ्याची.

बटण अडकून राहणं हा अजून एक प्रकार. एकाचं माइकचं बटण दाबलेलं राहिलं की सगळी फ्रिक्वेन्सी बंद, आणि त्या माणसाला वाटतं आज किती शांतता आहे.

मेधा_मेलबर्न:

इकडे ऑस्ट्रेलियात नियम थोडा वेगळा आहे ते सांगते, कारण तुलना करायला बरं पडेल. इथं सर्टिफाइड एरोड्रोमवर टॉवर नसला तरी रेडिओ सक्तीचा आहे. आणि बऱ्याच ठिकाणी एक छोटं यंत्र बसवलेलं असतं जे तुमच्या कॉलला उत्तर देतं, बराच वेळ कुणी बोललेलं नसेल तर रेकॉर्ड केलेल्या आवाजात एरोड्रोमचं नाव सांगतं आणि नुकतंच कुणी बोललं असेल तर नुसतं बीप करतं. एवढंसं यंत्र पण त्याचा आधार केवढा वाटतो, कारण आपण बरोबर फ्रिक्वेन्सीवर आहोत आणि आपला रेडिओ चालू आहे हे दोन्ही एका बीपमध्ये कळतं. चुकीची फ्रिक्वेन्सी लावून मनापासून कॉल देत बसणं हे माझ्या डोळ्यांसमोर दोनदा झालंय, एकदा मीच, मागच्या एरोड्रोमची फ्रिक्वेन्सी बदलायला विसरले होते.

पण यंत्र, सक्ती, सगळं असून काय होऊ शकतं तेही सांगते. इथं व्हिक्टोरियात मँगलोर नावाचं एरोड्रोम आहे. हो, आपल्या मंगळूरच्या नावाचंच. १९ फेब्रुवारी २०२० ला तिथून उडालेलं एक पायपर सेमिनोल आणि तिकडे येणारं एक बीचक्राफ्ट ट्रॅव्हल एअर, एरोड्रोमच्या दक्षिणेला ८ किलोमीटरवर, ४,१०० फुटांवर धडकली. चौघं गेले. दोन्ही विमानं ट्रेनिंगची, दोन्ही इन्स्ट्रुमेंट फ्लाइट प्लॅनवर (उपकरणांच्या आधारे उडायचा प्लॅन), दोघांनाही कंट्रोलरने सांगितलं होतं की समोर दुसरं विमान आहे. पण ती हवाई हद्द अशी की कंट्रोलर माहिती देतो, अंतर राखायचं काम पायलटचं. आणि तपासात निघालं की ती माहिती मिळाल्यावर दोघांचं एकमेकांशी थेट बोलणं झालंच नाही.

मी तेव्हा ट्रेनिंगला होते, आमच्या स्कूलमध्ये कितीतरी दिवस कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्यानंतर माझ्या इन्स्ट्रक्टरने एक सवय लावली ती अजून आहे, ट्रॅफिक आहे असं कळलं की नुसतं "कॉपीड" म्हणून सोडायचं नाही, त्या विमानाला त्याच्या कॉलसाइनने, रेडिओवरच्या नावाने, हाक मारायची, तू किती उंचीवर, मी इतक्यावर, तू कुठल्या बाजूने, मी या बाजूने. वीस सेकंदांचं काम आहे. भरारी, तुला त्या दिवशी लाज वाटली ती मला पूर्ण कळते गं, मी कोल्हापूरची, माझं पण तेच होतं. पण लाज ही गोष्ट आकाशात फार महाग पडू शकते, म्हणून ती जमिनीवर घालवायची, खोलीत एकटीने मोठ्याने बोलून.

जुना_कॅप्टन:

मी निवृत्त आहे, बरीच वर्षं अमेरिकेत मिडवेस्टमध्ये छोट्या एअरलाइनची विमानं उडवली, टॉवर नसलेल्या गावांना रोजच्या रोज. मेधा आणि चिपळूणकर दोघांनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे. त्यात मला क्विन्सीचं लिहायलाच हवं, कारण भरारीला जे झालं ना, की आवाज एकाचा आणि आपण समजलो दुसऱ्याचा, नेमकं तेच तिथं झालं होतं.

१९ नोव्हेंबर १९९६, इलिनॉयमधलं क्विन्सी, संध्याकाळी ५ च्या सुमाराला, अंधार पडत आलेला. युनायटेड एक्सप्रेसचं बीच १९००, १० प्रवासी आणि २ पायलट, रनवे १३ वर उतरायला येतंय. त्याला आडव्या छेदणाऱ्या रनवे ०४ च्या टोकाला एक किंग एअर, दोन इंजिनांचं छोटं विमान, उभं, आत दोघं. आणि किंग एअरच्या मागे एक छोटं पायपर चेरोकी, आपला नंबर यायची वाट बघत. टॉवर नाही.

बीचच्या कॅप्टनने अगदी योग्य तेच केलं, वारंवार कॉल दिले आणि सरळ विचारलं की ०४ वर उभं असलेलं विमान थांबणार आहे की टेकऑफ घेणार आहे. किंग एअरकडून काहीच आलं नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने, त्याने आपला नंबर सांगितला आणि ०४ वरून डिपार्चरसाठी थांबलोय असं काहीतरी म्हणाला, पुढे किंग एअरचा उल्लेख केला, पण नेमक्या त्याच क्षणी बीचच्या कॉकपिटमध्ये उंचीचा ऑटोमॅटिक आवाज आला, "टू हंड्रेड". त्या दोन शब्दांखाली चेरोकीच्या वाक्याचा तुकडा गेला. बीचवाल्यांना वाटलं उत्तर किंग एअरनेच दिलंय, थांबतोय तो. त्यांनी आभार मानले, म्हणाले आम्ही लगेच क्रॉसिंगच्या पुढे निघून जातो. आणि किंग एअर, ज्याने हे काही ऐकलं नाही किंवा ऐकून घेतलं नाही, टेकऑफला सुटलं. दोन्ही रनवे जिथं एकमेकांना छेदतात तिथं दोघं भेटले. १४ च्या १४ गेले.

तपासात असं निघालं की धडक जगता येण्यासारखी होती, पण आग लागली आणि बीचचं दार उघडलं नाही, मदतीला धावलेल्यांनी बाहेरून खूप प्रयत्न केला. एनटीएसबीने मूळ दोष किंग एअरच्या पायलटांचा धरला, फ्रिक्वेन्सी नीट ऐकली नाही आणि नजर टाकली नाही, पण चेरोकीच्या त्या तुटलेल्या उत्तराचा उल्लेख कारणांत आहे. आणि एअरपोर्टवर त्या वेळी अग्निशमनाची सोय नसल्याचाही.

मी त्या काळात त्याच जातीच्या विमानावर होतो. आमच्यातल्या कितीतरी जणांना वाटलं की आपणही नेमकं हेच समजलो असतो. प्रश्न विचारला, लगेच उत्तर आलं, उत्तरात रनवेचा नंबर बरोबर, मग ते त्याचंच. माणसाचं मन रिकामी जागा भरून काढतं, आणि आपल्याला सोयीचं असेल त्याने भरतं. भरारी, तुझ्या मनाने पण "गेला असेल उतरून" असं भरलं, लिहिलंयस तू. त्यानंतर मी एक नियम केला, उत्तर कुणाचं आहे हे कळलं नाही तर ते उत्तर नाही. विमानाचा रंग, प्रकार, नंबर, काहीतरी जुळायला पाहिजे. नाही जुळलं तर परत विचारा, वेळ नसेल तर वर जा. प्रवाशांना सांगितलंय मी, दोन मिनिटं उशीर होईल, कुणी कधी तक्रार केली नाही.

आणि अजून एक. मागे थांबलेल्या विमानाने दुसऱ्यासाठी उत्तर देऊ नये, आणि द्यायचंच असेल तर पहिला शब्द स्वतःचा प्रकार असावा, "चेरोकी". नुसता नंबर सांगितला तर ऐकणाऱ्याला काय कळणार मी मोठा का छोटा.

सातारची_भरारी:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. क्विन्सीचं वाचून रात्री झोप लागली नाही. वॉटसनव्हिल तर इथून फार लांब नाही आणि आमच्या ग्राउंड स्कूलमध्ये त्यावर दहा मिनिटंच बोलले होते, स्पीडचा हिशोब कुणी असा मांडून दाखवला नव्हता.

दोन शंका राहिल्या. आयपॅडवर मला ट्रॅफिक दिसतं, ते पिवळं विमान त्यात पण नव्हतं, का? आणि उच्चारांचं खरंच काय करू, प्रॅक्टिस म्हणजे नेमकी काय करू?

चिपळूण_ते_टेक्सस:

आयपॅडवर दिसतं ते मुख्यतः एडीएस-बी, म्हणजे विमान आपण कुठे आहोत ते आपोआप रेडिओवर पाठवत राहतं ती सिस्टिम. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ते सक्तीचं आहे पण ठराविक हवाई हद्दींतच, मोठ्या एअरपोर्टच्या आसपास वगैरे. त्याच्या बाहेर शेतांवरून खालच्या खाली उडणाऱ्याला ते लागत नाही. शिवाय इतक्या खाली असला की जमिनीवरच्या स्टेशनला पण तो नेहमी दिसत नाही. तेव्हा आयपॅड हा अजून एक कान समज, आणि पॅटर्नमध्ये शिरल्यावर तो मांडीवरून बाजूला ठेव. मुलं खाली स्क्रीनमध्ये बघत बसतात आणि खिडकीबाहेर विमान असतं, हे मी आठवड्यातून एकदा तरी बघतो.

उच्चारांचं. लाजू नकोस, तुझं इंग्लिश त्या फ्रिक्वेन्सीवरच्या अर्ध्या लोकांपेक्षा समजायला सोपं असेल, टेक्ससमधले म्हातारे शेतकरी काय बोलतात ते मला दोन वर्षं कळत नव्हतं. अडचण बहुतेक वेळा उच्चारांची नसते, घाईची असते. बटण दाबायच्या आधी पूर्ण वाक्य मनात तयार पाहिजे. कुणाला, मी कोण, कुठे, काय करणार, आणि परत गावाचं नाव. "कुठे" मध्ये दिशा, अंतर आणि उंची तिन्ही हवं, नाहीतर ऐकणारा शोधणार कुठे. आणि तुझा टेल नंबर (विमानाचा नोंदणी नंबर) पाच अक्षरांचा असला तरी सोबत "व्हाइट सेस्ना" म्हण, डोळ्यांना रंग सापडतो, नंबर नाही. "एनी ट्रॅफिक इन द एरिया प्लीज अॅडव्हाइज" हे मात्र म्हणू नकोस, अधिकृत मार्गदर्शनातच म्हणू नये असं लिहिलंय, कारण एकदम पाचजण उत्तर देतात आणि पुण्याचे दादा म्हणाले तसं नुसतं चिरकतं. त्यापेक्षा दहा माइलच्या आधीपासून ऐकत ये, कागदावर कोण कुठे ते लिहीत ये.

गावांची नावं मात्र पाठ कर. तुमच्या व्हॅलीत ती फसवी आहेत. माझा एक स्टुडंट तिकडे गेला तेव्हा सारखा "व्हिसालिया ट्रॅफिक" म्हणत होता, ते "व्हायसेलिया" आहे. नाव चुकलं तर ऐकणाऱ्याला कळत नाही की तू त्याच्याच एअरपोर्टवर येतेयस.

रेडिओवाला_पुणे:

लाइव्ह फ्रिक्वेन्सी इंटरनेटवर ऐकायला मिळतात, रोज अर्धा तास ऐक आणि प्रत्येक कॉलनंतर कागदावर एक रनवे काढून ते विमान कुठे आहे ते ठिपक्याने दाखव. मी पायलट नसून हा खेळ खेळतो, पहिल्या आठवड्यात एकाचाही ठिपका जागेवर पडत नव्हता.

सातारची_भरारी:

अपडेट देते. शनिवारी इन्स्ट्रक्टरला घेऊन परत त्याच एअरपोर्टला गेले. नीबोर्डवर, म्हणजे मांडीवर बांधायच्या लिहायच्या पाटीवर, सगळ्या गावांची नावं देवनागरीत लिहून घेतली होती, जशी म्हणायची तशी, इन्स्ट्रक्टरने विचारलं हे काय आहे तर तिला वाचून दाखवलं आणि ती म्हणाली टुलॅरी तू माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणतेस.

८ माइलवर असताना परत तसंच झालं, चिरकलं आणि पुढे "राइट बेस" एवढंच आलं. या वेळी बटण दाबून विचारलं, राइट बेसवालं विमान, कुठल्या एअरपोर्टवर आहात? दोन सेकंद शांतता, मग एका बाईंनी दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं, वर "थँक यू, सॉरी अबाउट दॅट" म्हणाल्या. एवढं सोपं होतं. मी शोधायचं थांबवलं आणि पूर्ण लक्ष आमच्या फायनलवर, आकाशात आणि खाली झाडांवर पण. तीन लँडिंग केली, पिवळं विमान त्या दिवशी हँगरमध्ये होतं, इंजिनचं कव्हर काढलेलं. काका तिथंच होते, हात केला त्यांनी.

पुढची सोलो गुरुवारी आहे, वेगळ्या एअरपोर्टला, तिथं रनवे दोन आहेत आणि एकमेकांना छेदतात. दुसऱ्या रनवेच्या टोकाला कुणी उभं असेल तर काय विचारायचं ते वाक्य आत्ताच लिहून ठेवलंय, कॅप्टन काका, तुम्ही एकदा बघाल का? "व्हाइट सेस्ना वन सेव्हन टू, टू माइल फायनल, रनवे वन टू. किंग एअर अॅट द एंड ऑफ टू वन, से युअर टाइप अँड इंटेन्शन्स." विमान कुठलं उभं असेल ते तिथं बघून बदलेन.

जुना_कॅप्टन:

वाक्य चांगलं आहे. फक्त गावाचं नाव राहिलं, सुरुवातीला आणि शेवटी घाल. आणि ते विमान किंग एअर आहे हे तुला दिसत असेल तर "से युअर टाइप" नको, प्रकार तू सांगितलासच. दोन माइलवर लांबून नक्की कळत नसेल तर "एअरक्राफ्ट अॅट द एंड ऑफ टू वन" म्हण आणि मग टाइप विचार. उत्तर नाही आलं तर तो निघणारच आहे असं धरून उतर, म्हणजे हात थ्रॉटलवर. गुरुवारी उतरल्यावर लिही इथं.